एकटीचं बिऱ्हाड

1929 च्या उन्हाळ्यात निको टिनबर्गन हा 22 वर्षांचा डच तरुण नेदरलँड्समधल्या हुल्सहोर्स्टच्या वाळूत माश्या पाहत उभा होता. पिवळ्या-काळ्या गांधीलमाश्या पोटाशी एकेक मधमाशी कवटाळून यायच्या, सपाट वाळूवर एका ठरावीक जागी उतरायच्या, भराभर वाळू उकरायच्या आणि आत नाहीशा व्हायच्या. बाहेर जाताना त्या बिळाचं तोंड बुजवून जात. म्हणजे परतताना दार दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आजूबाजूला अशीच कितीतरी बिळं होती. तरी जी ती आपल्याच उंबरठ्यावर! टिनबर्गनने माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन आधी याची खात्री करून घेतली.

या माशीला डच लोक ‘मधमाश्यांचा लांडगा’ म्हणतात. गांधीलमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छपराला लटकलेलं पोळं येतं, पण बहुतेक गांधीलमाश्या आणि बहुतेक रानटी मधमाश्या एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत. खणणं, शिकार, अंडी, राखण, सगळं एकटीनं करायचं. जगात मधमाश्यांच्या 20,000 हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जमिनीत घर करतात. अशा एकटीपुढे दोन मोठे प्रश्न असतात: घर सापडायचं कसं, आणि मातीच्या ओलीत पिलांचं अन्न टिकायचं कसं.

पहिल्याचं उत्तर टिनबर्गनने पाइनच्या शंकूंनी शोधलं. बिळाभोवती त्याने शंकूंचं कडं मांडलं आणि माशीला त्याची सवय होऊ दिली. ती शिकारीला गेल्यावर कडं उचलून 30 सेंटिमीटर बाजूला ठेवलं. माशी परतली आणि कड्याच्या मधोमध उतरून, जिथे काहीच नव्हतं तिथे घर शोधू लागली. शंकू पुन्हा जागेवर ठेवले तेव्हा घर सापडलं. वासामुळे असेल का? वास वेगळा काढून पाहिला, माशी शंकूंच्याच मागे गेली. मग त्याने शंकूंचा त्रिकोण केला आणि शेजारी खड्यांचं वर्तुळ मांडलं. माशीने खड्यांचं वर्तुळ निवडलं. शंकू की खडे हे तिच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं. तिने मनात ठेवली होती ती मांडणी. आणि ती शिकायला किती वेळ? बिळातून निघताना वर घातलेल्या काही सेकंदांच्या घिरट्या. 1973 च्या नोबेलचा मानकरी झालेल्या या माणसाचे हे सुरुवातीचे प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. उपकरणं म्हणजे शंकू, खडे, रंग आणि चिकाटी.

दुसऱ्या प्रश्नाशी आपली ओळख जुनी आहे. संतांनी भ्रमर-कीटकाचा दाखला पुन्हा पुन्हा दिला आहे: माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचंच ध्यान करते आणि शेवटी माशीच होऊन बाहेर पडते. पाहणाऱ्यांची नजर चुकली नव्हती. आत गेली ती अळीच, बाहेर आली ती माशीच. मधलं सगळं भिंतीआड घडलं, इतकंच. अळी ही शिदोरी होती. तिच्याजवळ घातलेल्या अंड्यातून निघालेलं पिलू ती खाऊन वाढलं.

पण ही शिदोरी सडत का नाही? फ्रान्समध्ये लेओं द्युफूर यांना वाटलं की माशीच्या विषात मेलेलं शरीर टिकवणारं काही असावं. झां-आंरी फाब्र यांनी 1855 मध्ये दाखवून दिलं की दुसऱ्या एका शिकारी माशीच्या बिळातले भुंगेरे मेलेलेच नसतात. माशीने नेमक्या मज्जाकेंद्रात नांगी मारून त्यांना लुळं केलेलं असतं. पाय हलत नाहीत, पण जीव आहे, म्हणून मांस ताजं.

तेवढ्यानेही भागत नाही. उबदार, दमट बिळात बुरशी टपलेलीच असते. म्हणून ही ‘लांडगी’ लुळ्या मधमाशीला चाटून तिच्या सर्वांगाला डोक्यातल्या ग्रंथीचा तेलकट लेप लावते. त्यामुळे अंगावर पाणी साचत नाही. जर्मनीत एर्हार्ड श्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये आणखी थक्क करणारी गोष्ट मांडली: खुद्द अंडंच नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतं आणि कोठडी धुरी दिल्यासारखी बुरशीपासून सांभाळतं. ज्या अंड्याची आपण ‘निपचित’ म्हणून बोळवण करतो, ते असं कामाला लागलेलं असतं.

मधमाश्या अशाच शिकारी माश्यांच्या वंशातल्या. मांस सोडून परागाकडे वळलेल्या. परागालाही ओल बाधते. कोलेटिस नावाच्या मधमाश्या कोठडीला आतून पातळ, जलरोधक अस्तर देतात, रसायनाच्या भाषेत चक्क पॉलिएस्टरचं.

आपल्याकडची निळ्या पट्ट्यांची अमेगिला जमिनीत आणि जुन्या मातीच्या भिंतींत घर करते. वांग्याच्या फुलातले पराग पुंकेसराच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडतात. अमेगिला फुलाला घट्ट बिलगते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि चाळणीतून पीठ पडावं तसे पराग झडतात. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. संध्याकाळी अमेगिलाचे नर सुकलेल्या काडीला जबड्याने धरून ओळीनं झोपतात; एकदा पाहावंच असं दृश्य. अंगणात फरशी बसते, भिंतीला सिमेंटचा गिलावा होतो, तेव्हा आपण कुणाचं दार बुजवतो हे आपल्याला दिसतही नाही. ते बुजवणं मात्र पुन्हा उकरता न येणारं.

हुल्सहोर्स्टच्या वाळूत पिलू मधमाश्या संपवून कोष विणतं. आईने कोठडीत आपल्या मिशांतून पांढरा लेप सोडून ठेवलेला असतो. त्यात स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू असतात. पिलू ते कोषाच्या धाग्यांत मिसळतं आणि त्यांच्या प्रतिजैविकांच्या आडोशाने हिवाळा काढतं. उन्हाळ्यात लेक बाहेर पडते ती आईचे तेच जिवाणू आपल्या मिशांत घेऊन. आई तिने कधी पाहिलेली नसते. ती वाळूत स्वतःचं बीळ खणते, तोंड बुजवते, आणि निघण्याआधी त्यावर काही सेकंद घिरट्या घालते.