पिवळा कांदा आणि भिवंडीचा दिवस

दिवाळीच्या सुमारास भिवंडीजवळ पडघा-अनगावच्या बाजूला भाताची कापणी उरकत आलेली असते आणि खाचरातली ओल जाण्याआधी वाल पेरायची घाई चाललेली असते. परसात कांद्याचं बी टाकायचे दिवसही हेच. लाल कांदा आपला रोजचा, अलिबागचा पांढरा कौतुकाचा. सोनेरी सालीचा पिवळा मात्र आपल्याकडे क्वचितच दिसतो. युरोप-अमेरिकेत घरोघरी तोच असतो.

आम्ही पहिल्यांदा लावला तो नातेवाइकांनी परदेशातून हौसेनं आणलेल्या बियांचा. पात हिरवीगार, गुडघ्यापर्यंत आली. एप्रिल सरला, मे उजाडला, तरी बुडाशी गाठ म्हणून धरेना. आधी मातीवर संशय घेतला, मग खतावर, मग पाण्यावर. कारण वेगळंच होतं. कांदा दिवसाची लांबी ओळखतो. ठरावीक तासांचा उजेड मिळाला की पात वाढवणं थांबवून तो अन्न बुडाशी साठवू लागतो. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या अनेक जातींना त्यासाठी १४ तासांहून मोठा दिवस लागतो. भिवंडी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास. ती रोपं बिचारी न येणाऱ्या दिवसाची वाट पाहत राहिली.

म्हणून बी निवडताना रंगाआधी जात पाहावी. आपल्याकडच्या जाती ११-१२ तासांच्या दिवसातही गड्डा धरतात. पिवळ्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले सुवर्णा’ आहे, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का पीतांबर’ आहे. ‘अर्ली ग्रॅनो’ जुनी, सौम्य चवीची, कोशिंबिरीला उत्तम. बी ताजंच घ्यावं. कांद्याच्या बियांची उगवण वर्षभरात झपाट्यानं घटते, गेल्या वर्षीची उरलेली पुडी भरवशाची नाही.

गादीवाफ्यावर बी ओळीनं, अगदी वर पेरावं. सात-आठ आठवड्यांनी रोपं उचलून दोन ओळींत १५ आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. भाताची माती चिकट, पाणी धरून बसणारी. तिच्यात कुजलेलं शेणखत भरपूर हवं. गच्चीवर लावणार असाल तर २० सेंटिमीटर खोल कुंडी पुरे, कारण मुळं उथळच राहतात. त्यामुळेच पाणी थोडं आणि वेळेवर द्यावं लागतं. गड्डा फुगताना मातीबाहेर डोकावतो. त्याच्यावर भर घालू नये, तसाच वाढू द्यावा. पातीवर रुपेरी चट्टे दिसले तर बेचक्यात फुलकिडे शोधावेत. एखाद्या रोपाला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आला तर ते लगेच उपटून भाजीत घालावं. तो कांदा टिकत नाही.

मार्च-एप्रिलात माना पडू लागल्या की मला दर वर्षी तोच आनंद होतो. निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. पाणी त्याआधी दहा-पंधरा दिवस बंद. काढलेले कांदे पातीसकट तीन-चार दिवस असे पसरावेत, की एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर सावली धरेल. मग तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी, किंवा अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालतात तशा घालून वाऱ्याला टांगाव्यात. आमच्याकडे त्या माजघराच्या आढ्याला असतात. पावसाळी दमट हवेत कांदे सडू लागतात; ‘अर्ली ग्रॅनो’ तर मुळातच कमी टिकणारा, तो मृगाच्या सरींआधी संपवावा.