जिवंत माणसाची श्रद्धांजली

एखाद्याच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे जुन्या बायका म्हणत. चुकीची तार यायची, घरात रडारड व्हायची आणि दोन दिवसांनी तोच माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहायचा. मग त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या, चहा ठेवायचा आणि हसून विषय संपवायचा. पण हीच बातमी टीव्हीच्या पडद्यावर लाल पट्टीत झळकते, आणि तो माणूस त्या वेळी अतिदक्षता विभागात श्वास घेत असतो, तेव्हा त्याच्या बायकोनं काय करायचं?

विक्रम गोखले यांच्या घरावर हा प्रसंग आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री ‘गोखले गेले’ अशी बातमी पसरली. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, वाहिन्यांवर त्यांच्या भूमिकांच्या फिती सुरू झाल्या. शेवटी त्यांच्या पत्नी वृषाली गोखले यांना वृत्तसंस्थेला सांगावं लागलं, की ते कोमात आहेत, पण आहेत! पंचवीस तारखेला रुग्णालयानं कळवलं, की ते डोळे उघडताहेत, हातपाय हलवताहेत. सव्वीस तारखेला ते खरोखरच गेले.

आता हे तीन दिवस त्या घरात कसे गेले असतील, याचा विचार करा. एकीकडे डॉक्टर काय सांगतात इकडे कान लावायचे आणि दुसरीकडे फोनवर ‘नाही हो, अजून आहेत’ हे पुन्हा पुन्हा सांगायचं. नवऱ्याच्या जिवासाठी देव पाण्यात घालून बसलेल्या बाईवर त्याच्या जिवंतपणाचा दाखला देण्याची पाळी यावी, यापरती क्रूर थट्टा कोणती?

असं होतं तरी कसं? वर्तमानपत्राच्या कचेरीत पूर्वी अशा बातमीची एक ठरलेली वाट असे. कुणी तरी कळवलं, की वार्ताहर रुग्णालयाला फोन करी, मग घरच्यांना किंवा जवळच्या माणसाला. दोन्हीकडून होकार आला की बातमी उपसंपादकाच्या टेबलावर जाई. एका तोंडाची बातमी छापायची नाही, असा कडक शिरस्ता पुष्कळ ठिकाणी होता. बाहेरगावची आवृत्ती लवकर सुटे, शहरची उशिरा. पण मधले काही तास हाताशी असत. आता ते तास गेले. एका वाहिनीनं पट्टी फिरवली की दुसरीला राहवत नाही. तिसरी मग पहिल्या दोघींचा हवाला देते, आणि पाहणाऱ्याला वाटतं, की तिघी सांगताहेत म्हणजे खरंच असणार. मुळात बोलणारं तोंड एकच असतं, बाकीचे नुसते प्रतिध्वनी!

शिवाय मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात. ऐकायला कसंसंच वाटतं, पण जगभर हीच रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. रातोरात चाळीस-पन्नास वर्षांचं कर्तृत्व कोण आठवणार? मात्र हा तयार माल हाताशी असला की तो बाहेर काढण्याचा मोह होतो; कधी नुसत्या धांदलीनं निसटतोही. फ्रान्सच्या ‘आरएफआय’ या नभोवाणीकडून नोव्हेंबर २०२० मध्ये संगणकातल्या बदलाच्या गडबडीत असे सुमारे शंभर मृत्युलेख एकदम प्रसिद्ध झाले. त्यांत इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ होत्या, फुटबॉलपटू पेले होते. दोघंही तेव्हा हयात होती. नभोवाणीनं माफी मागितली.

पण सगळा दोष आजच्या यंत्रांवर ढकलून चालणार नाही. मार्च १९७९ ची गोष्ट घ्या. ना मोबाईल, ना खासगी वाहिन्या. जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितलं, की ते गेले. सभागृहानं आदरांजली वाहिली, कामकाज थांबलं. आकाशवाणीवरून बातमी गेली, नेहमीचे कार्यक्रम बंद झाले, दुकानं आणि शाळाही बंद झाल्या. आणि जयप्रकाशजी जसलोकमध्ये जिवंत होते! पुढं ऑक्टोबर १९७९ मध्ये पाटण्याला त्यांचं निधन झालं. देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितल्यावर खातरजमा करायचं कुणाच्या मनात येणार? मला तर वाटतं, इथंच खरी मेख आहे. सांगणारा किती मोठा, हे आपण पाहतो. तो रोग्याच्या खाटेपासून किती लांब आहे, हे पाहत नाही. जसलोकच्या त्या मजल्यावरच्या साध्या परिचारिकेला दिल्लीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईच्याच ब्रीच कँडी रुग्णालयात असलेल्या धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच घडलं. ११ तारखेला बातमी फुटली, मुलगी ईशानं ती खोडून काढली, हेमा मालिनी यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र घरी गेले. २४ तारखेला त्यांचं निधन झालं.

म्हणून प्रत्येक बातमी शिळी करूनच वाढावी, असं मात्र नाही हं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि पुण्याच्या एकतानगरीत ते घराघरात शिरलं, तेव्हा वेळेवर सूचना मिळाली नाही हीच रहिवाशांची तक्रार होती. तिथं एकेक मिनिट मोलाचं. पाणी येतंय म्हटल्यावर धान्याचे डबे माळ्यावर चढवले आणि पाणी आलंच नाही, तर दुपार फुकट गेली इतकंच. एखादा नट गेल्याचं मात्र दोन तास उशिरा कळलं तर कुणाच्या घरात पाणी शिरतं? ही निवड संपादकानं करायची असते. पण कोणती वाहिनी आधी सांगते, म्हणून रिमोट फिरवत बसणारे हात आपलेच असतात, हेही खरं.

मैत्रिणींनो, अशी बातमी आली तर आधी एवढं पाहा: कुणी सांगितलं आहे? रुग्णालयानं, डॉक्टरांनी की घरच्यांनी? ‘सूत्रांकडून समजते’ एवढंच असेल तर पुढं पाठवू नका. नणंदेनं ती आधीच सगळ्या नातेवाइकांना पाठवलेली असली तरी नको. भेटायला जायला पुढं तेरा दिवस असतातच.

आणि वर्तमानपत्रात तुमच्या माणसाबद्दल चुकीचं छापून आलं, तर गप्प बसू नका. पहिलं पत्र संपादकांना लिहा, काय चुकलं आणि खरं काय ते नेमकं सांगून. खुलासा आला नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. खातरजमा करूनच बातमी द्यावी, असं तिच्या संकेतांत नमूद आहे. टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार आधी त्या वाहिनीकडेच करावी लागते. पत्रावर तारीख घाला, स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा आणि कात्रण मूळचं न पाठवता त्याची झेरॉक्स पाठवा.