शिकाऱ्याचे पोर : ‘सूरिय अरण’ या सिंहली चित्रपटाविषयी

मुले आणि जनावरे यांच्या मैत्रीच्या चित्रपटांत बहुधा एक दुष्ट माणूस लागतो. तो जनावर मारू पाहतो, मूल ते वाचवते आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. सोमरत्न दिसानायक यांच्या ‘सूरिय अरण’ (२००४) या सिंहली बालचित्रपटात मात्र जनावरे मारणारा माणूस हा मुलाचा बापच आहे. हा फरक मला फार मोठा वाटतो.

कथा साधी आहे. आडरानातल्या खेड्यात सेदिरिस नावाचा शिकारी राहतो. जंगल जणू त्याचीच मिरास! तेथे एक वृद्ध भिक्षू आणि त्यांचा बालशिष्य सुमेध मुक्कामाला येतात. भिक्षूंच्या शेजारी शिकार कशी करायची? सेदिरिस त्यांना हुसकावण्याच्या नाना युक्त्या योजतो. त्याचा मुलगा टिकिरा मात्र सुमेधशी गट्टी जमवतो, आणि ज्यांच्याकडे बापाने शिकार म्हणून पाहिले त्या जनावरांकडे तो सोबती म्हणून पाहू लागतो.

श्रीलंकेतल्या प्रेक्षकाला यात एक जुनी गोष्ट ऐकू येत असणार. ‘महावंस’ या पाली ग्रंथात राजा देवानांपिय तिस्स मिहिंतलेच्या डोंगरावर हरणामागे धावत असता त्याला अशोकपुत्र महेंद्र थेर भेटतात. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली ही हकीकत. तिच्या स्मरणार्थ ज्येष्ठी पौर्णिमेला ‘पोसोन’ हा सण तेथे आजही पाळतात. राजाने धनुष्य टाकले, पण त्यामुळे राजवाड्यातली चूल विझली नाही. सेदिरिसने बंदूक टाकली तर काय? आणखी एक गंमत पाहा. थेरवादी भिक्षूला भिक्षेत आलेले मांस चालते. फक्त ते त्याच्यासाठी मारलेले नसावे. म्हणजे पाप उरते ते मारणाऱ्याच्या पदरी. सेदिरिसच्या पोटाचा हा प्रश्न चित्रपटाने अधिक धसास लावायला हवा होता, असे माझे मत आहे. करुणेचे पारडे त्यात आधीपासूनच जड आहे.

तरीही टिकिराने मला धरून ठेवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बाहेरून चार नव्या गोष्टी शिकलेले पोर चुलीपाशी बसते आणि ज्या हातांनी आपल्याला भरवले त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहते, हे काय असते ते मला ठाऊक आहे. त्या नजरेची शरम पोरालाच अधिक वाटते.

दिसानायकांच्या ‘सरोजा’मध्येही (२०००) एका तमिळ मुलीची सिंहली मुलीशी मैत्री आधी होते, मोठ्यांची पंचाईत मागाहून. पण तेथील संकट घराबाहेरून, युद्धातून येते. येथे ते घरातच आहे. जॅक्सन अँथनी यांनी सेदिरिसला राक्षस केलेले नाही. पहिल्याने जंगल जाईल म्हणून तो चिडतो, पुढे मुलगा जाईल म्हणून. आणि या दुसऱ्या चिडण्यात रागापेक्षा भीतीच जास्त आहे.