गणिताची उजळणी

परीक्षेहून परतलेला विद्यार्थी पुष्कळदा म्हणतो, "घरी सारे येत होते, तेथे मात्र काही सुचेना." पालकांना ही सबब वाटते, परंतु ते बोलणे बहुधा खरे असते. पाठ्यपुस्तकात प्रकरणाचे शीर्षकच रीत सांगून टाकते. 'पायथागोरसचे प्रमेय' या मथळ्याखालची दहा उदाहरणे सोडविताना कोणते प्रमेय लावावे, याचा विचार करावाच लागत नाही. प्रश्नपत्रिकेत हा आधार नाहीसा होतो.

शिडीचेच उदाहरण घ्यावे. १० मीटर लांबीची शिडी उभ्या भिंतीला टेकली असून तिचा पाय भिंतीपासून ६ मीटरवर असेल, तर तिचे टोक ८ मीटर उंचीवर आहे, हे पायथागोरसच्या प्रमेयाने निघते. अंतराऐवजी जमिनीशी होणारा कोन दिला, की त्रिकोणमिती हवी. शिडीच्या मधोमध असलेल्या पायरीची उंची विचारली, की समरूप त्रिकोण आठवावे लागतात. आकृती एकच, रीती तीन! ही निवड करण्याचा सराव म्हणजेच उजळणी.

डग रोहरर व केली टेलर या अमेरिकन संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्बोधक आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने घनफळाची उदाहरणे प्रकारवार सोडविली, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावाच्या वेळी पहिला गट सरस ठरला. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र त्याची सुमारे २० टक्के, तर दुसऱ्याची सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर आली.

परीक्षेस सहा आठवडे असतील, तर पहिले दोन आठवडे कच्च्या प्रकरणांना द्यावेत. पुढील दोन आठवड्यांत रोज निरनिराळ्या प्रकरणांतील सहा-सात उदाहरणे एकत्र घ्यावीत आणि सोडविण्यापूर्वी प्रत्येकाची रीत समासात लिहावी. चुकलेले उदाहरण वेगळ्या वहीत उतरवून तीन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने, उत्तर न पाहता, सोडवावे. अखेरचे दोन आठवडे घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविण्यासाठी राखावेत. १२० मिनिटांत ४० गुणांची उत्तरे लिहावयाची असतील, तर एका गुणाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात, हे ध्यानी असावे.

अशा सरावात आरंभी चुका वाढतात. त्या पाहून पालकांनी खंत करू नये व मुलाला बोल लावू नये. घरच्या वहीतील चूक दुरुस्त करण्यास अवधी असतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील चुकीला तो नसतो.