बोटांच्या टोकांस आलेले बधिरत्व

धान्याच्या व्यापाऱ्याचे भांडवल पेढीच्या तिजोरीत असते, असा बाहेरच्या मंडळींचा समज आहे. आम्हां हाथीखान्यातील घाऊक व्यापाऱ्यांस विचाराल तर ते बोटांच्या टोकांत असते. पोत्यात हात घातला की गहू ओला की सुका, तूर नवी की जुनी, हे बोटेच सांगतात. तीन वर्षांपूर्वी आमची बोटे हे सांगेनाशी झाली.

त्याआधी रक्ततपासणीत आम्हांस हिपॅटायटिस सी असल्याचे निघाले होते. १९८९ साली ओळखला गेलेला हा विषाणू रक्तावाटे पसरतो व यकृतात वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहतो. पूर्वी इंटरफेरॉनच्या सुया महिनोन्‌महिने टोचून घ्याव्या लागत. आता बहुतेकांस १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर त्या विनामूल्य मिळतात. गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही. घरी पेढे वाटले.

परंतु तळपायांस मुंग्या येऊ लागल्या. पुढे चप्पल पायातून निसटली तरी कळेना, आणि मग बोटेही बधिर झाली. स्नेही म्हणाले, गोळ्या बाधल्या. आम्हीही तेच मानून सहा महिने तेल चोळीत घालविले. ही चूक आमचीच.

डॉक्टरांनी निराळेच सांगितले. या विषाणूमुळे काही रोग्यांच्या रक्तात थंडीने साकळणारी प्रथिने तयार होतात. त्यांस क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. मज्जातंतूंस रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्यांस त्यांच्यामुळे सूज येते व तंतू उपाशी पडतो. विषाणू गेला तरी ही प्रथिने काही काळ रेंगाळू शकतात. शिवाय तुटलेला तंतू पुन्हा वाढला तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून अंगठ्यापर्यंत मीटरभर अंतर धरून आम्ही हिशेब केला: पावणेतीन वर्षे! अशी उधारी आम्ही बाजारात कोणास दिली नसती.

मग त्यांनी आहार विचारला. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, दुधादह्यातून थोडे मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील लोकांत ही उणीव किती पसरली आहे ते दाखविले आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ती वाढते, आणि आम्ही ती गोळी दहा वर्षे घेत होतो. म्हणजे मुंग्यांचे धनी तीन निघाले: विषाणू, साखर आणि ही उणीव. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनाने बनते, त्यात मांस नसते. मात्र कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. आम्ही दुकानदाराकडून हिरवे चिन्ह पाहूनच गोळी घेतो.

सर्वांत मोठी अडचण देरासरात आली. वैशाखातील दुपारी अंगणातील तापलेल्या फरशीवरून अनवाणी चाललो, तेव्हा काहीच जाणवले नाही. रात्री सौभाग्यवतींनी तळव्यावर फोड पाहिला. तेव्हापासून दर्शन सूर्योदयानंतर लगेच, आणि निजण्यापूर्वी दिव्याखाली पायांची तपासणी. शेकाची पिशवी घरातून हद्दपार झाली आहे. स्नानाचे पाणी चिरंजीव कोपर घालून पाहतात.

पाय अजून कापसावर चालल्यासारखे वाटतात. उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी मात्र परत येत आहेत. पेढीवर आर्द्रता मोजण्याचे यंत्र आणले आहे. परवा भालिया गव्हाच्या पोत्यात हात घालून आम्ही साडेअकरा टक्के म्हटले, यंत्राने बारा दाखविले. चिरंजीव हसले. आम्ही दुसऱ्या पोत्याकडे वळलो.