शरणपूरचे आफ्रिकी पाद्री

नाशिक आणि रेव्हरंड हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला ना. वा. टिळक आठवतात. साहजिक आहे, ते नाशकात शिकले, आणि लक्ष्मीबाईंचं माहेर जवळच्याच जलालपूरचं. आज मात्र आपण त्यांच्या आधीच्या पिढीतल्या दोन पाद्र्यांकडे वळू. ते आफ्रिकी होते.

आपण रोज शरणपूर रोड म्हणतो. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वस्ती. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ती १८५०च्या दशकात उभी केली. तिथलं सेंट अँड्र्यूज चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

त्या काळी गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात पकडत असे. त्यांतून सुटलेली काही मुलं मुंबईत उतरवली जात. पण त्यांना परत धाडायचं कुठं? घर कुठं, आईबाप आहेत की नाहीत, कोण सांगणार? १८६०पासून अशा अनेक मुलांना शरणपुरात आसरा मिळाला. तिथं ती लिहा-वाचायला शिकली, हातकाम शिकली. बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नावं आली आणि आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडली.

त्यांतलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. पुढे दोघं मोंबासाजवळच्या मिशनमध्ये गेले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्यांना डीकनची, म्हणजे पाद्रीपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले. उरलेला तांडा जोन्स यांनी माघारी आणला.

खरी कसोटी १८८८ मध्ये लागली. जोन्स तेव्हा मोंबासाजवळच्या राबई मिशनचं काम पाहत होते. मालकांकडून पळालेले गुलाम तिथं येऊन राहिले होते, आणि मालक त्यांना परत मागत होते. परत दिलं तर माणसं पुन्हा साखळीत. न द्यावं तर मिशनच धोक्यात. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई दिली आणि सुमारे १४०० जण मोकळे झाले.

लहानपणी स्वतः गुलामीतून सुटून शरणपुरात आलेल्या माणसाच्या मिशनमध्ये हे घडलं. म्हणून नाशिकच्या चर्चचा इतिहास सांगताना आपण प्राइस यांच्याबरोबर जोन्स आणि सेमलर यांचंही नाव घ्यायला हवं.