चांदोबा, खडकवासला आणि मुलांचे डोळे

पौर्णिमेच्या संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेले कणीस हातात घेऊन उभे राहिले, की धरणाच्या पाण्यात चंद्र उतरलेला दिसतो. पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे ‘एनडीए’चा परिसर आहे. तिथे कुणी चंद्राचा अभ्यास करत नाही. तरी १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा आणि त्यानंतर तब्बल ४१ वर्षांनी, जून २०२५ मध्ये गेलेले शुभांशु शुक्ला, हे दोघेही याच काठावर घडले. ‘गगनयान’साठी निवडलेले चारही वैमानिक एनडीएचेच, शुक्ला त्यांतले एक. लहानपणी पाठ्यपुस्तकात आपण राकेश शर्मांविषयी वाचले होते, असे त्यांनी सांगितले आहे.

मुलाच्या मनात ठिणगी पडायला फार काही लागत नाही. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची सकाळ होती, साडेआठ वाजत आले होते. महाराष्ट्रात तेव्हा दूरदर्शन नव्हतेच. मुंबई केंद्र सुरू झाले १९७२ मध्ये. इथल्या मुलांच्या वाट्याला आली ती रेडिओवरची बातमी आणि वर्तमानपत्रातला काळपट फोटो. आज साठी ओलांडलेले कितीतरी जण त्या फोटोविषयी अजून बोलतात. पुढे १४ नोव्हेंबर २००८ रोजी, नेमका बालदिनी, ‘चांद्रयान-१’ने सोडलेले तिरंगा रंगवलेले उपकरण चंद्रावर आदळले. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘चांद्रयान-३’ उतरले, ते तर मुलांनी थेट पाहिले.

मुलांना मात्र यानापेक्षा माणसाच्या शरीराचे कुतूहल जास्त असते आणि ते रास्तच आहे. चंद्रावर वजन एक षष्ठांश भरते. तिथली धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते. डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो-१७’चे हॅरिसन श्मिट यानात परतल्यावर सूटला चिकटून आलेल्या धुळीने त्यांचे नाक चोंदले, चंद्रावर झालेली ही बहुधा पहिलीच ॲलर्जी. वजनरहित अवस्थेत पोटऱ्यांचे आणि पाठीचे स्नायू झिजतात, हाडांतले कॅल्शियम कमी होते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांमध्ये डॉक्टर जे रोज पाहतात, तेच तिथे धडधाकट तरुणांत घडते. म्हणूनच शुक्ला यांच्या प्रयोगांत स्नायूंच्या पेशी होत्या. मूग आणि मेथीलाही त्यांनी तिथे मोड आणले. परतल्यावर पलंगावर बसून त्यांनी लॅपटॉप मिटला आणि तो तरंगेल या सवयीने हवेत सोडून दिला! खाली गालिचा होता म्हणून निभावले.

या वाटेवर मुली फार काळ नव्हत्या. एनडीएचे दरवाजे त्यांना २०२२ मध्ये उघडले आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ जणी तिथून संचलन करत बाहेर पडल्या. हे होण्यास उशीर झाला, याबद्दल दुमत नसावे.

आता घरातली गोष्ट. वैमानिक व्हायचे म्हणून दोन-तीन वर्षे तयारी करणाऱ्या मुलाला रंगांधत्व असल्याचे कळते ते सतराव्या-अठराव्या वर्षी, थेट वैद्यकीय तपासणीत. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळण्याचा हा दोष बहुतांशी जन्मजात, आईकडून येणारा आणि मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळणारा. त्यावर उपचार नाही. पण तो आठव्या वर्षी कळला, तर स्वप्नाला वेळीच वळण देता येते. ‘चांद्रयान-३’ उतरवणारे अभियंते बंगळुरूत जमिनीवर बसूनच काम करत होते.

लघुदृष्टीचे तसे नाही. घरात कोंडलेल्या, तासन्‌तास मोबाइल डोळ्यांजवळ धरणाऱ्या मुलांना चष्मा लवकर लागतो, आणि दिवसाउजेडी रोज दोन तास बाहेर खेळणाऱ्यांत तो धोका कमी होतो. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाची दृष्टी वर्षातून एकदा आणि रंगज्ञान एकदा तरी तपासून घ्यावे. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची ही चाचणी कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात होते. पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि मुलांना तो खेळच वाटतो.